ऐनवेळचे ताट

पूर्वसूचना न देता दाराशी आलेल्या पाहुण्यापुढे पोह्यांची बशी ठेवताना, किंवा सकाळच्या पोळ्या कुस्करून, त्यांना कांद्याची फोडणी देऊन ते ताट पुढे करताना, महाराष्ट्रातील बहुतेक घरांतून एक वाक्य हमखास उच्चारले जाते : ऐनवेळी काही करता आले नाही, गोड मानून घ्या. या वाक्यात विनय आहे, आणि विनयाबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या पोटात एक सिद्धांतही गृहीत धरलेला आहे, आणि तो मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. तो सिद्धांत असा, की आतिथ्याचे एक पूर्ण आणि आदर्श रूप असते, त्यात आगाऊ आमंत्रण असते, जिन्नसांची याद असते, पक्वान्नांची तजवीज असते, आणि घरात जे काही असेल त्यातून ऐनवेळी उभे केलेले ताट ही त्या आदर्शाची उणी, क्षमा मागण्यास योग्य अशी आवृत्ती होय. मला हा सिद्धांत मान्य नाही. धर्मदृष्टीने पाहिले असता ऐनवेळचे ताट हेच आतिथ्याचे मूळ रूप आहे, आणि योजनापूर्वक दिलेली मेजवानी ही, कितीही आनंददायक असली तरी, निराळ्या जातीची वस्तू आहे, असे माझे मत झाले आहे. आणि या मताला आधार सापडतो तो, जेथे कोणी स्वयंपाकघराची आठवणही काढणार नाही अशा ठिकाणी, म्हणजे यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या पूर्वमीमांसेत.

जैमिनीच्या मीमांसासूत्रांतील सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरतो. यज्ञासाठी विहित केलेले द्रव्य मिळाले नाही, किंवा मिळूनही नष्ट झाले, तर काय करावे? यज्ञ सोडून द्यावा, की दुसरे द्रव्य घेऊन तो सिद्धीस न्यावा? विधीच्या प्रत्येक अंगाचा, प्रत्येक पात्राचा आणि प्रत्येक शब्दाचा ज्या शास्त्राने इतका कठोर हिशेब ठेवला, ते शास्त्र येथेही कठोर निवाडा देईल अशी आपली अपेक्षा असते. परंतु निवाडा निघतो तो विलक्षण उदार. व्रीही म्हणजे साळीचे धान्य नसेल तर नीवार, म्हणजे न पेरता रानात उगवणारे भात, घ्यावे. सोमवल्ली नसेल तर पूतीका घ्यावी. द्रव्य नाही एवढ्या कारणावरून कर्म अडू देऊ नये. अशा बदली द्रव्याला मीमांसक ‘प्रतिनिधी’ म्हणतात, आणि त्याला ते दोनच प्रमुख अटी घालतात : ते मूळ द्रव्याशी शक्य तितके सदृश असावे, आणि ते निषिद्ध नसावे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास किंवा वाईच्या केवलानंद सरस्वतींचा मीमांसाकोश ज्यांनी कधी उघडला नाही, त्यांनाही हा न्याय अनुभवाने ठाऊक असतो. चौरंगावर मांडलेल्या पूजेत वस्त्र नसले, अलंकार नसले, म्हणजे गुरुजी यजमानाला त्यांच्या जागी चार अक्षता वाहावयास सांगतात. पंचपक्वान्ने नसली तर गूळखोबऱ्याची वाटी पुढे येते. आणि तेवढ्यावरून पूजा अपुरी राहिली असे घरातील कोणालाही वाटत नाही. देवाच्या बाबतीत ज्याची लाज वाटत नाही, त्याची पाहुण्याच्या बाबतीत का वाटावी?

तथापि या उदारतेला एक मर्यादा आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्व अर्थ त्या मर्यादेतच साठलेला आहे. द्रव्याला प्रतिनिधी चालतो. परंतु ज्या देवतेला उद्देशून आहुती द्यावयाची, त्या देवतेला चालत नाही. अग्नीला चालत नाही, मंत्राला चालत नाही, विहित क्रियेला चालत नाही. आणि ज्याचा यज्ञ, त्या स्वामीला, म्हणजे प्रत्यक्ष यजमानाला, तो मुळीच चालत नाही. तांदूळ बदलता येतात, माणसे बदलता येत नाहीत, असा हा निर्णय आहे. कठोपनिषदातील नचिकेता यमाच्या दाराशी तीन रात्री उपाशी राहिला, त्या कथेकडे या दृष्टीने पाहावे. यमाच्या घरी अन्नाची वाण होती असे उपनिषद सुचवीत नाही; वाण होती ती यजमानाची. घरधनी घरी नव्हता म्हणून अतिथी उपाशी राहिला, आणि परत आल्यावर साक्षात मृत्यूने त्या बालकाची क्षमा मागून, एकेका रात्रीबद्दल एक, असे तीन वर दिले. क्षमा मागावयाची ती अशा उणिवेबद्दल.

मीमांसकांचा दुसरा एक भेद याहूनही उपयोगी आहे. नित्य कर्म आणि काम्य कर्म यांना ते वेगळा नियम लावतात. नित्य कर्म हे केलेच पाहिजे, म्हणून ते यथाशक्ति केले तरी पुरे. एखादे अंग राहिले तरी कर्म घडते. काम्य कर्म हे विशिष्ट फळाच्या इच्छेने करावयाचे असते, ते करण्याची कोणावर सक्ती नसते, म्हणून सर्व अंगे जुळत नसतील तर त्याचा आरंभच करू नये. आता अतिथिसत्कार कोणत्या सदरात पडतो याविषयी स्मृतींत संदेह नाही. गृहस्थाने रोज करावयाच्या पंचमहायज्ञांत नृयज्ञ हा एक, आणि नृयज्ञ म्हणजे अतिथिपूजन. तैत्तिरीय उपनिषदाने शिष्याला निरोप देताना अतिथीला देव मानण्याची आज्ञा केली तीही आई, वडील आणि आचार्य यांच्या पंक्तीत बसवून, म्हणजे नित्याच्या पंक्तीत. सज्जनांच्या घरी बसावयास तृण, टेकावयास जागा, प्यावयास पाणी आणि ऐकावयास गोड शब्द यांची तूट कधी पडत नाही, असे मनूने म्हटले आहे, आणि त्या यादीत पक्वान्नाचे नावही नाही. याउलट, वाढदिवसाची, बढतीची किंवा नव्या घराची म्हणून आपण जी मेजवानी देतो, तिच्यात कोणाला बोलवावे, कोणाचे देणे फिटावे, कोणाच्या दृष्टीत आपले घर कसे दिसावे, अशी फळे, स्पष्ट वा अस्पष्ट, मनात असतातच. ती असणे हे पाप नव्हे. परंतु ते काम्य कर्म आहे, आणि काम्य कर्माच्या वाट्याला येणारी सर्व चिंता तिच्याही वाट्याला येते : खीर पातळ झाली की यजमानीणबाईंचे तोंड उतरते, एक पदार्थ राहिला की सगळा समारंभ फसल्यासारखा वाटतो. ऐनवेळी आलेल्या माणसापुढे ठेवलेल्या पिठलेभाताला ही चिंता शिवत नाही, कारण नित्य कर्माला न्यूनतेचा दोष लागतच नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगताना, परतफेड करू न शकणाऱ्याला दिलेले दान सात्त्विक आणि परतफेडीच्या आशेने दिलेले राजस, असा जो विवेक केला आहे, तो या भेदाशी बरोबर जुळतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ऐनवेळी करावयाचे म्हणजे विचार न करता करावयाचे काय? पूर्वतयारीत जे प्रेम ओतले जाते, त्याची किंमत शून्य समजावयाची काय? या आक्षेपाचे उत्तर कोणत्याही जुन्या घराच्या कोठीच्या खोलीत सापडेल. ऐनवेळचे थालीपीठ ऐनवेळी होते, पण त्याची भाजणी ऐनवेळी होत नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने-जिरे हे सर्व निरनिराळे, प्रत्येकाच्या जातीप्रमाणे कमीअधिक आचेवर, भाजून, दळून, डब्यात भरून ठेवलेले असते, तेव्हा कोठे तिन्हीसांजेला दाराची कडी वाजल्यावर दहा मिनिटांत तव्यावर थालीपीठ पडते. मेतकूट, सातूचे पीठ, लाह्या, सांडगे, कुरडया, पापड, चिकवड्या, आमसुले, मोरावळा, ही जी घरोघर बेगमी होते, ती कोणासाठी असते? पुष्कळशी घरच्यांसाठी, हे खरे. परंतु प्रत्येक बरणीत एक भाग असा असतो, की जो कोणाच्या मुखी जाणार हे बरणी भरणारीला ठाऊक नसते, आणि तरीही ती तो भरते. आमंत्रितासाठी केलेली तयारी ही ओळखीच्या माणसासाठी असते. बेगमी ही अनोळखी माणसासाठीही असते. विष्णुपुराणात गृहस्थाला असे सांगितले आहे, की वैश्वदेव, म्हणजे जेवणाआधीची अन्नाची आहुती, झाल्यावर स्वतः जेवावयास बसण्यापूर्वी त्याने अंगणात येऊन गाय दोहण्यास लागेल इतका वेळ अतिथीची वाट पाहावी. ज्याचे नाव ठाऊक नाही, जो येईलच असे नाही, त्याची ही रोजची प्रतीक्षा मला आपल्या धर्मविचारातील अत्यंत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. अंगणे गेली, वैश्वदेव गेला. परंतु भाजणीच्या डब्यात ती प्रतीक्षा अजून शाबूत आहे, आणि ती जिने शाबूत ठेवली तिने धर्मग्रंथांचे एक पानही बहुधा वाचलेले नव्हते.

ग्रंथांनी या बाजूकडे लक्ष दिले नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने मानसोल्लासात अन्नभोगाचे सविस्तर वर्णन केले, त्यात मांडे आहेत, वडे आहेत, नाना प्रकारची मांसे आहेत. पेशव्यांच्या मुदपाकखान्यांतील थाटाच्या हकीकती आपण कौतुकाने वाचतो. पण ते सगळे राजाच्या पानाचे वर्णन आहे. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा सामान्य गृहिणीच्या पाककृतींना छापील ग्रंथाची प्रतिष्ठा लाभली. तरीसुद्धा, घरात अमुक नाही म्हणून तमुक घालून भागविण्याची जी विद्या, ती आजही बव्हंशी तोंडीच चालते. रवा नाही तर कणकेचा शिरा, साखर नाही तर गूळ, दही नाही तर चिंचेचा कोळ. आणि शेजारच्या दारातून ‘वहिनी, वाटीभर रवा मिळेल का?’ ही हाक. भागवतात सुदाम्याची पत्नी नवऱ्याला द्वारकेला धाडताना घरात काहीच नसल्यामुळे शेजारच्या ब्राह्मणांकडून चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्याच्या चिंधीत बांधून देते. कीर्तनकार सुदाम्याच्या संकोचावर आणि कृष्णाच्या प्रेमावर तासभर बोलतात, आणि ते बोलण्याजोगेच आहे. परंतु ते पोहे ज्या बाईने दारोदार जाऊन जमविले, जिचे नावसुद्धा भागवताने दिलेले नाही, तिच्यावर निरूपण क्वचितच ऐकू येते.

दुष्काळाने या विद्येची कठोर परीक्षा घेतली. 1972 च्या दुष्काळात रेशनच्या दुकानांतून परदेशी लाल मिलो आली. ती ज्वारीच्याच जातीची, पण रंगाने वेगळी, चवीला परकी, आणि भाकरीला न वळणारी. मीमांसकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ती व्रीहीच्या जागी आलेला नीवारच. गरम पाण्याची उकड घेऊन, असेल तर मूठभर घरचे पीठ मिसळून, गावोगावच्या बायांनी तिच्या भाकऱ्या थापल्या. त्या दिवसांत आलागेला विन्मुख गेला नाही असे सरसकट विधान मी करणार नाही, कारण उपाशी माणसांकडून अशी अपेक्षा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु अर्ध्या भाकरीतील चतकोर पुढे करणारी माणसे होती, आणि ती मिलोची आहे म्हणून त्यांना लाज वाटली नसेल, असे मी समजतो. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांतून खवा मिळेना तेव्हा दुधाच्या पावडरीचे किंवा रिकोटा चीजचे पेढे करून ते गणपतीपुढे ठेवले जातात, तोही सादृश्याचाच न्याय. गणपतीने ते नाकारल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे घरगुती समारंभाचा एक प्रकार असा आहे, की ज्यात ही ऐनवेळची कल्पकता निव्वळ निभावणी न राहता पूजेचे अंगच होऊन बसली आहे. तो म्हणजे भोंडला. कोठे त्याला हादगा म्हणतात. विदर्भ-खानदेशात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते, तीही त्याचीच भगिनी. पाटावर हत्तीचे चित्र काढून किंवा प्रतिमा ठेवून आळीतल्या मुली फेर धरतात, गाणी म्हणतात, आणि गाणी संपली की त्या घरची खिरापत झाकलेल्या डब्यातून बाहेर येते. पण ती वाटण्याआधी मुलींनी ओळखावयाची असते. गोड की तिखट, ओली की कोरडी, पिठाची की डाळीची, असे प्रश्न झडतात, डबा कानाशी नेऊन हलवून पाहिला जातो, आणि ओळखता आली नाही तर घरची आई जिंकते. हस्त नक्षत्राचा सोळा दिवसांचा हादगा जेथे रीतीने पाळला जातो, तेथे पहिल्या दिवशी एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी ती सोळापर्यंत वाढत जाते. एकाच गल्लीतील इतक्या घरांनी, इतक्या दिवसांत, एकमेकींच्या मुलींना न ओळखता येईल असे काही करावयाचे, आणि तेही घरात आहे त्यातून! म्हणून मग पोळीच्या लाडवात बडीशेप पडते, मटकीची उसळ कोरडी करून खोबऱ्याखाली दडविली जाते, भोपळ्याच्या बियांची चिक्की होते, ताकातल्या उकडीच्या वड्या थापल्या जातात.

या खेळाकडे मी धर्माच्या दृष्टीने का पाहतो ते सांगितले पाहिजे. येथे पदार्थाची किंमत त्याच्या महागाईवर मोजली जातच नाही. श्रीमंताच्या घरचा बदामाचा हलवा पहिल्याच प्रश्नाला ओळखला जातो आणि हरतो. परिटाच्या घरची गूळ-फुटाण्यांची अपूर्व वडी शेवटपर्यंत ओळखली जात नाही आणि जिंकते. ईश्वराच्या सृष्टिकर्तृत्वाचे कारण शोधताना बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांनी अखेर लीलेचा आश्रय केला : पूर्णकाम परमेश्वराला कोणतेही प्रयोजन नसता त्याने हे सर्व केले ते खेळ म्हणून. आपल्या शास्त्रांनी लीलेवर पुष्कळ लिहिले. परंतु प्रयोजनावाचून, केवळ दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुतूहलासाठी, त्याच त्या डाळी-पिठांतून काही नवे निर्माण करण्याचा जो आनंद, तो सामान्य माणसाच्या अनुभवास येतो तो अशाच ठिकाणी. भोंडल्याला जमलेल्या मुलींपैकी कोणाची मुद्दाम निवड केलेली नसते. फेर धरावयास जी आली ती आली, आणि जी आली तिला खिरापत मिळाली. आश्विनात कोठे कोठे भोंडल्याचे आता मोठे कार्यक्रम होतात, सभागृहे घेतली जातात, आणि खिरापत म्हणून छापील खोकी वाटली जातात. मुली आनंदाने नाचतात, हे पाहून बरे वाटते. पण खोक्यावर पदार्थाचे नाव छापलेले असते, आणि त्यामुळे ओळखण्याचा भाग सुटतो. मला तो तोटा क्षुल्लक वाटत नाही.

विकतच्या पदार्थांचा विषय निघालाच आहे तर त्यावरचे माझे मतही सांगतो. हल्ली शहरातील घरी दहा माणसे जमावयाची असली की बहुतेक सर्व जिन्नस बाहेरून, घटकाभरात, दाराशी येतात. नोकरी करणाऱ्या स्त्रीपुरुषांना यावाचून गत्यंतर नसते, आणि विकत आणलेल्या पुरणपोळीने अतिथी विटाळत नाही. द्रव्याला प्रतिनिधी आहे, हे वर आलेच. प्रश्न एवढाच, की क्रियेला आणि स्वामीला प्रतिनिधी नाही, त्याचे काय? सर्व काही बाहेरून आले तरी कोकमाचे सरबत ढवळण्यापुरते, दहीपोह्यांवर कोथिंबीर चिरून घालण्यापुरते तरी यजमानाचे हात लागावेत, आणि मुख्यतः पाहुणा बसला असताना यजमानाने समोर बसावे, असे मला वाटते.

आणि हात कोणाचे? येथे मला अधिक वेळ थांबणे भाग आहे, कारण ऐनवेळच्या आतिथ्याचा गौरव करणारा लेखक जर हा प्रश्न चुकवील तर त्याचे सर्व लिखाण अन्यायाच्या पायावर उभे राहील. माजघरात न विचारता ओसरीवरून ‘आज येथेच जेवा’ असे म्हणणाऱ्या पुरुषांच्या औदार्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. वनपर्वाच्या प्रचलित पाठात दुर्वास ऋषी दहा हजार शिष्यांसह येतात, युधिष्ठिर त्यांना स्नान करून या म्हणून सांगतो, आणि सूर्याने दिलेले पात्र त्या दिवसापुरते रिकामे झाले आहे, कारण द्रौपदीचे जेवण उरकले आहे, ही गोष्ट त्याने विचारलेली नसते. कृष्णाने येऊन पात्राला चिकटलेले भाजीचे पान खाल्ले आणि संकट निवारले, हा भाग सर्वांना पाठ असतो. तत्पूर्वी द्रौपदीच्या मनाची जी अवस्था झाली, ती पिढ्यान्पिढ्या असंख्य घरांतून रोज होत आली आहे, आणि तेथे कृष्ण आला नाही. मीमांसेने पतिपत्नींना यज्ञाचे संयुक्त स्वामित्व दिलेले आहे. दोघांचा मिळून एक अधिकार. मग जे आमंत्रण एकाने परस्पर दिले आणि दुसरीने मुकाट्याने रांधले, ते आतिथ्य मीमांसेच्याच न्यायाने सदोष ठरते. आपस्तंबाच्या धर्मसूत्रात असा नियम आहे, की अतिथीसाठी गृहस्थाने स्वतःला, पत्नीला किंवा पुत्राला कमी घालावे, पण कामकरी सेवकाला कधीही कमी घालू नये. सेवकाविषयीचा त्यातील उत्तरार्ध अत्यंत उदात्त आहे. पूर्वार्धात पत्नीच्या वाट्यावर नवऱ्याची सत्ता गृहीत धरलेली आहे, ती मला मान्य होण्यासारखी नाही. मनूनेही नवविवाहिता, कुमारी, रोगी आणि गर्भिणी यांना अतिथीच्याही आधी जेवू घालावे असे सांगितले आहे. हा नियम पाळला जाता, तर पाहुणे उठेपर्यंत उपाशी राहिलेल्या बाळंतिणींच्या कथा आपल्या आत्मचरित्रांत इतक्या आल्या नसत्या.

या बाबतीत खरा आदर्श महाभारतानेच अश्वमेधपर्वात ठेवला आहे. युधिष्ठिराचा थोर यज्ञ संपल्यावर अर्धे अंग सोन्याचे झालेले मुंगूस तेथे येते आणि सांगते, की कुरुक्षेत्रात शेतात पडलेले दाणे वेचून राहणाऱ्या ब्राह्मणाच्या एक प्रस्थ सातूच्या तोलाचाही हा यज्ञ नाही. त्या कथेत चार माणसे चार समान वाटे करून जेवावयास बसलेली असतात, इतक्यात अतिथी येतो. ब्राह्मण आपला वाटा देतो. अतिथीची भूक उरते. पत्नी आपला वाटा पुढे करते, तेव्हा ब्राह्मण तो घेण्यास संकोचतो. ती कृश आहे, भुकेली आहे, तिचे रक्षण करणे हा त्याचा धर्म आहे. ती आपला अधिकार सांगते, आणि मगच तो वाटा दिला जातो. पुढे पुत्र आणि सून यांच्याही बाबतीत हेच घडते. प्रत्येकाने दिले ते स्वतःच्या वाट्याचे, स्वतःच्या तोंडाने बोलून. कोणीही दुसऱ्याचा वाटा परस्पर उचलून दिला नाही. मुंगसाचे अंग सोन्याचे झाले ते त्या घरात सांडलेल्या पिठाने.

राहता राहिला पाहुणा. देवतेला प्रतिनिधी नाही, म्हणजे जो आला आहे त्याच्या जागी आपल्याला आवडणारा, आपल्या पंक्तीला शोभणारा माणूस कल्पून चालणार नाही. आपला इतिहास या कसोटीला उतरला नाही. ज्या तिसऱ्या अध्यायात मनूने अतिथिधर्माची इतकी कोवळी वचने लिहिली, त्याच अध्यायात वैश्य आणि शूद्र घरी आले तर त्यांना नोकरांबरोबर जेवू घालावे असे लिहिले. आणि 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तो ग्रंथ जाळण्यात आला, याची आठवण ठेवल्यावाचून त्यातील एकही वचन गौरवाने उद्धृत करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मी मानतो. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहाच्या एका पेल्यावरून जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले, त्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणात ओढले गेले. प्रकरण शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत गेले. त्या चहात दोष नव्हता. आक्षेप होता तो देणाऱ्या हातावर. याच्या उलट पैठणच्या एकनाथांची कथा महिपतीने सांगितली आहे : श्राद्धाच्या स्वयंपाकाचा वास रस्त्याने जाणाऱ्या महारांच्या मुलाबाळांना आला, आणि नाथांनी पितरांसाठी शिजलेले ते सर्व अन्न त्यांना बसवून वाढले, मग चूल सारवून दुसऱ्यांदा स्वयंपाक झाला. ठरलेल्या आमंत्रितांच्या आधी, न ठरलेला, भुकेला माणूस. मीमांसेचा न्याय इतक्या निःसंदिग्धपणे आचरणात आणल्याचे उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

पंढरपूरजवळ गोपाळपूरला आषाढी पौर्णिमेला काला होतो, सप्ताहाची समाप्ती काल्याच्या कीर्तनाने होते, दहीहंडीच्या दिवशी घरोघर पोहे, लाह्या, दही, लोणच्याची फोड, काकडी, भिजलेली डाळ एकत्र कालविली जाते. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र केल्या, असे त्यामागील चित्र. कोणाच्या घरून काय आले हे कालविल्यावर सांगता येत नाही, आणि तेथे यजमान कोण व पाहुणा कोण हेही ठरविता येत नाही. आपल्या घरच्या समारंभांना ही रीत अधिक मोकळेपणाने लागू व्हावी. येणाऱ्याने ‘मी काय आणू?’ असे विचारले तर ‘काही नको’ म्हणून त्याला परके करू नये, जे सुचेल ते आण म्हणावे, आणि त्याच्या डब्यातील जिन्नस आपल्या जिन्नसाशेजारी मांडावा.

शेवटी एक विनंती आहे. घरी दहा-बारा माणसे जेवावयास यावयाची असतात, त्या दिवशी भांडी घासावयास येणाऱ्या बाईंना आपण नेहमीपेक्षा उशिरापर्यंत थांबवितो, आणि सर्वांची जेवणे उरकल्यावर जे उरले असेल ते डब्यात घालून त्यांच्या हाती देतो. आपस्तंबाचा नियम अतिथीच्या आधी त्यांच्या बाजूने उभा आहे. पुढच्या वेळी पाने घ्याल तेव्हा त्यांचे पान पहिल्याच पंक्तीत, आपल्याच ताटांपैकी एका ताटात, घ्या. आणि त्या बसल्या असताना वाढण्याचे काम घरातील पुरुषांनी करावे.